ढालवाला, रोज सकाळी दहाला

२९ सप्टेंबर, सोमवार

ही डायरी कंपनीची आहे. दर जानेवारीत सगळ्यांना एकेक वाटायचे, मी कधी उघडली नव्हती. आज पहिल्या पानावरचं कंपनीचं नाव बॉलपेननं खोडलं. इतकं खोडलं की पेन मागच्या पानावर उतरलं. बरं वाटलं.

मालाडच्या त्या ऑफिसात आठ वर्षं मी व्हिडिओ गेम खेळून त्यातल्या चुका शोधल्या. लोकांना वाटतं, काय मजेचं काम. एकाच भिंतीवर चारशे वेळा उडी मारायची आणि चारशे एकाव्या वेळी माणूस भिंतीत अडकतो का ते बघायचं. अडकला की लिहायचं: काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. ऑगस्टमध्ये आमची अख्खी टीम काढून टाकली. मला त्याचं काहीही वाटलेलं नाही. फक्त झोप फार येते. आज साडेबाराला उठले.

घरात खरा प्रश्न पप्पांचा आहे. जूनमध्ये त्यांना झटका आला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, डावा हात काही आला नाही. बोटं हलतात, पण सांगितल्यावर लगेच नाही, मनात आलं की. सोमवारी आणि गुरुवारी चेतना येते, फिजिओथेरपिस्ट. तिनं पिवळा स्पंजचा चेंडू दिलाय, दिवसातून दोनशे वेळा दाबायला. आज ती जाताच पप्पांनी तो उजव्या हातानं खिडकीबाहेर फेकला.

"कुत्र्याला होईल खेळायला," म्हणाले.

संध्याकाळी जॅकलिन आली पत्रिकेचा कागद दाखवायला. ही माझ्या मोठ्या काकांची मुलगी. काका गेल्यापासून ती पप्पांचीच. लग्न २३ नोव्हेंबरला. आदल्या संध्याकाळी आमच्यात उंबराचं पाणी आणायला जातात: नवरीच्या आंघोळीचं पाणी गावठाणातल्या विहिरीवरनं, गात-वाजवत. मरोळ गावठाणातल्या लग्नांना गेली पस्तीस वर्षं पुढे घुमट असतं ते पप्पांचं. बर्नार्डचं घुमट नाही तर लग्न कसलं, असं म्हणायचे.

"अंकल, तुमीच वाजवणार ना?" जॅकलिननं विचारलं.

"बगू," पप्पा म्हणाले. एरवी 'बगू' म्हणणारा माणूस नाही तो.

ती गेल्यावर आमचा मेलरॉय, पप्पांच्या आतेबहिणीचा मुलगा, म्हणाला, नाही जमलं तर घुमट रेकॉर्ड करून स्पीकरवर लावू, हाय काय नाय काय. पप्पा उठून आत गेले. चालताना डावा हात खिशात घातला होता.

आठ आठवडे आहेत.

१ ऑक्टोबर, बुधवार

मला एक आयडिया सुचली आणि ती चांगली आहे, म्हणून लिहून ठेवते.

घुमट म्हणजे दोन्हीकडून उघडं मातीचं मडकं. मोठ्या तोंडाला कातडं, त्यावर उजवा हात. मागचं छोटं तोंड डाव्या तळव्यानं झाकायचं आणि सोडायचं; ते ठोक्यावर पडलं तर घुमतं, नाही तर नुसतं मडकं वाजतं. म्हणजे डाव्या हाताला जोर कमी असला तरी चालेल, वेळ चुकून चालणार नाही. आणि वेळेवर बटण दाबायला शिकवणारी वस्तू मी आठ वर्षं हातात धरली आहे.

निमेशला फोन केला. तो माझ्याच टीममधला, ऑगस्टमध्ये माझ्याच दिवशी निघालेला. त्याच्याकडून जुना कंट्रोलर आणला. लॅपटॉप सहा वर्षांचा, त्यावर मोठे गेम चालणार नाहीत. चालले तरी त्यांना दहा बोटं आणि विशीतले डोळे लागतात. मला हवेत ते जुने, स्वस्त, कुणी न बघितलेले. मारामारीचेच, कारण कोडी घातली तर पप्पा झोपतील. असे शेकडो पडलेले असतात. चांगले असून कुणाच्या नजरेत भरत नाहीत.

मम्मानं अट घातली: "एका पापलेटाच्या वर नाय जायचं."

"आणि मी सासष्ट वर्षांचा हाय," पप्पा आतून म्हणाले. "मना पोरांचे खेळ नको."

थोड्या वेळानं: "मारायचं कोणाला असतं त्यात?"

४ ऑक्टोबर, शनिवार

तीन खेळ झाले, तिन्ही नापास. इंग्रजी नावं लांबलचक, पप्पा स्वतःची ठेवतात.

कोंबडीवाला: म्हातारा शेतकरी तव्यानं कोल्ह्यांना बडवतो. किंमत चार बोंबलांची. इतका झकास खेळ गेल्या दोन वर्षांत मी बघितला नव्हता, आणि दुकानाच्या साइटवर त्याला अभिप्राय किती, तर सहा. पण दोन्ही अंगठे सारखेच लागतात. पप्पांच्या सगळ्या कोंबड्या गेल्या. ते खूप हसले, पण कंट्रोलर खाली ठेवला.

छतावरचा: यंत्रमानव छतावरनं छतावर उड्या मारतो. पप्पांना चक्कर आली. मम्मानं लिंबू-पाणी दिलं आणि मला काय काय ऐकवलं.

तोफवाला: किंमत कोळंबीच्या एका वाट्याची. होडीवर तोफ, चारी बाजूंनी चाचे. उत्तम. पण सगळं उजव्या हातानं, डावा नुसता बसून राहतो. ज्याचा उजवा हात अधू आहे त्याला मी डोळे मिटून हा देईन. असा कोणी माहीत नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सापडला.

नवरा-बायकोनं मिळून केलेला खेळ, फिनलंडमधल्या कुठल्याशा लहान गावात. सात वर्षांपूर्वीचा. एकूण अकरा अभिप्राय, त्यातले आठ वाईट, आणि सगळे एकच म्हणतात: यात मारायला काही नाही, नुसती ढाल धरायची, कंटाळवाणा. म्हणूनच मी घेतला.

एक पिकल्या केसांचा शिपाई डोंगरावरच्या मनोऱ्याकडे चाललाय. समोरून वार आला की डाव्या तर्जनीनं ढाल बंद करायची, वार बसला की उघडायची. वेळ बरोबर साधली तर शिपाई आपला आपण उलटा वार करतो. ढाल धरूनच ठेवली तर फुटते. बंद, उघड. बंद, उघड. मी स्वतः दहा मिनिटं खेळले आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण हे घुमटच आहे.

पप्पा वीस मिनिटं खेळले. पहिल्याच पायरीवर सतरा वेळा मेले. कंट्रोलर ठेवला नाही.

"हा चांगला हाय," म्हणाले. "ह्याला मारायची घाई नाय."

नाव पडलं: ढालवाला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

रोज दहाला बसायचं ठरलंय, एक तास. अडचण एकच. पप्पांना लॅपटॉप चालू करता येत नाही. काल दाखवलं, परवा दाखवलं, आज परत दहा वाजता बाहेरून हाक: "फ्रेडा, ह्याचं बटन कुठं गो?" मी अर्धवट झोपेत उठून जाते, बटण दाखवते, कंट्रोलर जोडून देते. ज्या माणसानं साकीनाक्याच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनं उघडून परत जोडली त्याला एक बटण लक्षात राहत नाही.

चेतनाशी बोलायला हवं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

बोलले. चेतनानं पप्पांना पंधरा-वीस प्रश्न विचारले. त्यांनी तिला १९८८ साली कुणाच्या लग्नात कोणत्या घरी घुमट फुटलं आणि ते कोणी पाडलं इथपर्यंत सांगितलं.

"अगं, त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे," ती बाहेर येऊन हसत म्हणाली.

डॉक्टर लोक पाऊण तास बघतात, घरच्यांना दिवसभर दिसतं. पण तिला ढालवाला फार आवडला. तर्जनी किती वेळा दाबली जाते ते मी मोजून दिलं: तासाला तीनशे वीस. चेंडूचे दोनशे पप्पांनी कधी पुरे केले नव्हते. कोणत्या खेळाला कोणतं बोट लागतं ते लिहून देशील का, म्हणाली. तिच्याकडे घाटकोपरचे एक शिंपीकाका आहेत, त्यांचा उजवा अंगठा धरत नाही.

मी म्हटलं, लिहायला काय, दुपारी देते. दुपारी झोप लागली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

शिंपीकाकांसाठी चार खेळ शोधून पान लिहून दिलं. कोणता खेळ, कोणतं बोट, किती वेग, बटणं कशी बदलायची, किंमत किती. चारही पापलेटाच्या आत.

निमेशच्या कंट्रोलरची बॅटरी गेलेली दिसते. रात्री भरून ठेवला तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटच्या दांडीवर. तासभरच वापरतो आम्ही. मित्राचा म्हणून घेतला आणि फसले.

२२ ऑक्टोबर, बुधवार

चार दिवस फटाके. पप्पांनी एकही दिवस चुकवला नाही, म्हणजे दहाची हाक चुकली नाही.

लॅपटॉपचाही पंखा बिघडतोय. आज चारला झोपून उठले, मेल बघायला हात लावला तर खाली गरम. बंद असलेला लॅपटॉप गरम कसा होतो? कंट्रोलर, लॅपटॉप, मी, सगळंच एकदम वॉरंटीबाहेर.

पप्पा आता तिसऱ्या पायरीवर आहेत. डाव्या तर्जनीला उशीर होतो, पण दर वेळी तेवढाच. तेवढाच उशीर म्हणजे चांगली गोष्ट. ज्या चुकीचा नेम असतो ती दुरुस्त करता येते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज एक बग मिळाला. खराखुरा.

ढालवाल्याच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात एकूण खेळलेला वेळ येतो. आज लिहून आलं: एकावन्न तास. आम्ही ७ तारखेपासून रोज एक तास धरला तरी बावीस होतात. माझे प्रयोग मिळवून तेवीस. अठ्ठावीस तास जास्त.

आधी घरातली शक्यता तपासली, नियम म्हणजे नियम. मम्मा मांदेली साफ करत होती. विचारलं, "दुपारी लॅपटॉपला कोणी हात लावतं का?"

"मी कशाला लावू?" ती मान वर न करता म्हणाली.

खरंच आहे, तिला माउस आणि रिमोटमधला फरक कळत नाही. आणि पप्पांना तर चालूच करता येत नाही. शिवाय पायऱ्यांची नोंद मी बघितली, आम्ही सोडलं तिथेच होती. म्हणजे घड्याळच चुकतंय.

मग बसले आणि रीतसर रिपोर्ट लिहिला. काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. रोजच्या वेळांचा तक्ता, सात फोटो. खेळ स्वतःची एक नोंदफाइल ठेवतो, ती त्यांच्याच सांकेतिक आकड्यांत असते, मला वाचता येत नाही, तशीच जोडली. फिनलंडच्या नवरा-बायकोला पाठवून दिलं. वर दोन ओळी लिहिल्या की मुंबईत एका म्हाताऱ्या शिपायाचा हात तुमच्यामुळे हलतोय.

घड्याळ बघितलं तर दुपारचा दीड वाजला होता. झोपायचं राहूनच गेलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

शिंपीकाकांच्या मुलीचा फोन. तोफवाल्यात त्यांनी अकरा चाचे बुडवले आणि संध्याकाळी स्वतः शर्टाचं बटण लावलं. तीन महिन्यांत पहिलं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी पुसली. रडू आलं होतं, का ते कळलं नाही.

पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग अजून दोघांना शोधून दे की. तुना काय काम हाय दुसरं?" नेहमीसारखं लागट बोलणं.

चेतनानं खरंच आणखी तीन पेशंटची नावं दिली.

पप्पा पुलापर्यंत पोचले. पुलावर राखणदार आहे, भला थोरला, हातात हातोडा. त्याला हरवलं की मनोरा. रोज तिथेच अडकतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अकरा दिवस राहिले. राखणदारानं आतापर्यंत एकशे चाळीस वेळा मारलं. मी मोजते, सवय आहे. शेवटचे तीन वार लागोपाठ येतात आणि तिसऱ्याला पप्पांचं बोट पोचत नाही.

मेलरॉय येऊन गेला. स्पीकर बुक करू का, विचारायला. पप्पा म्हणाले, "कर." फक्त तेवढंच. घुमट माळ्यावरनं काढलेलंसुद्धा नाही अजून.

मला ते 'कर' सहन झालं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

केलं. संध्याकाळी पप्पा आंघोळीला गेले असताना खेळाची पातळी 'सोपी' केली. राखणदाराचे वार सावकाश येतील, पप्पा जिंकतील, हिंमत येईल, घुमट खाली उतरेल. ऑफिसात पाहुण्यांना खेळ दाखवताना आम्ही हेच करायचो. कुणाला कळत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कळलं. राखणदाराशी गाठ पडताच. दुसऱ्या वाराला पप्पांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"ह्याचा ठेका कोणी ढिला केला?"

मी म्हटलं, काही नाही, लॅपटॉप जुना आहे, गरम होतो.

"फ्रेडा."

मग सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पस्तीस वर्षं वाजवलं मी," म्हणाले. "चुकलो तं लोकं थांबली, मंग परत सुरू केलं. पण मना कोणी गाणं सोपं करून नाय दिलं. तुना वाटलं हा हात आता एवढाच?"

मला तसं वाटलं नव्हतं. म्हणजे, वाटलं होतं.

चेतना आली तेव्हा त्यांनी पिवळा चेंडू मागितला. तिनं पिशवीतून नवा काढून दिला. ते खिडकीकडे तोंड करून दाबत बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल दहाला जाग आली. हाक आली नाही. परत झोपले, एकला उठले.

आज तसंच. दोनला उठले. चेतनाच्या तीन पेशंटची पानं लिहायची आहेत, एकही ओळ लिहिली नाही. कशाला लिहायची? मी कोण, डॉक्टर?

नोकरी गेली तेव्हा मला काही वाटलं नाही असं मी पहिल्या पानावर लिहिलंय. ते खोटं आहे. आमचा साहेब म्हणाला होता, चुका शोधायला आता माणूस लागत नाही. घरी येऊन मी अठरा तास झोपले होते. दुसऱ्या दिवशी वीस.

१६ नोव्हेंबर, रविवार

मिस्साला गेले नाही. मम्मा चर्चवरून आली आणि डोक्यावरचा रुमाल न काढता माझ्या पलंगाच्या कडेला बसली.

"तो हाक मारणार नाय," म्हणाली. "ह्या वेळी तुनाच उठून जायला लागल."

"हो, त्यांना चालू करता येत नाही ना."

मम्मा माझ्याकडे बघत राहिली. बाजारात कोळणीनं शिळी सुरमई ताजी म्हणून पुढे केली की बघते तशी.

"लय शिकली गो तू," म्हणाली आणि उठून गेली. हिचं कधीच सरळ बोलणं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पावणेदहाला उठले. लॅपटॉप चालू केला, पातळी पूर्वीची केली आणि पप्पांसमोर पडदा फिरवून दाखवली. सॉरी म्हटलं. आमच्या घरात हा शब्द कुणी वापरत नाही, त्यामुळे दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

"तू बस बाजूला," म्हणाले.

पहिल्या दोन वेळी राखणदारानं लोळवलं. तिसऱ्यांदा पप्पांनी डोळे मिटले. मी म्हटलं, पप्पा, बघा तरी. ते म्हणाले, "ह्याला बगायचं नाय, ऐकायचं." हातोडा उचलताना साखळी वाजते, ती मी हजार वेळा ऐकली होती आणि आवाज म्हणून सोडून दिली होती. साखळी, मग वार. पप्पा उजव्या हातानं मांडीवर ठेका धरायला लागले. कंट्रोलर टेबलाला टेकवलेला, डाव्या हातात. दाराशी मम्मा उभी होती, ती नकळत उंबराच्या पाण्याचं गाणं गुणगुणायला लागली.

शेवटचे तीन वार आले. बंद, उघड. बंद, उघड. बंद.

राखणदार पुलावरनं खाली गेला. मग पप्पा मम्माला म्हणाले, "क्लॅरिस, माळ्यावरचं घुमट कोण काढल?"

मीच काढलं. माझ्या केसांत जाळी, कपाळावर माती. मम्मानं ते उन्हात ठेवलं, कातडं ताणायला.

त्या तिघांची पानं लिहून झाली. चेतना म्हणते, मंगळवार-शुक्रवार तिच्या दवाखान्यात ये, एक कोपरा देते, एक जुना टीव्ही आहे. पगार फार नाही. मी हो म्हटलं. मग आत येऊन घाबरले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

झालं. लिहून ठेवते, नाहीतर विसरेन, नाही, विसरणार नाही, तरी लिहिते.

पाचला सगळे जॅकलिनच्या दारात. बायका लुगडी नेसून, डोक्यावर कळश्या. मेलरॉयनं स्पीकर आणला होता, गुंडाळलेल्या वायरीसह खुर्चीवर ठेवला होता. पप्पांनी घुमट गळ्यात घेतलं, डावा तळवा मागच्या तोंडावर टेकवला आणि सुरू केलं.

पहिलं कडवं फसलं. उजवा पुढे गेला, डावा मागे राहिला, मडकं नुसतं खटखटलं. मेलरॉय वायरीकडे वळला.

पप्पा थांबले नाहीत. त्यांनी उजवा हात मागे ओढला. डावा येईपर्यंत थांबायचं, तो आला की मगच थाप द्यायची. गाणं सोपं झालं नाही, सावकाश झालं. आधी मम्मा त्या चालीवर आली, मग बाकीच्या बायका, मग कळश्या, मग पावलं. अख्खी वरात पप्पांच्या डाव्या हातामागून चालली. आणि घुमलं. गल्लीच्या दोन्ही भिंतींना लागून घुमलं. जुनी माणसं दारात येऊन उभी राहिली.

विहिरीवर प्रार्थना झाली, उंबराची फांदी बुडवली, पाणी काढलं. तिथे पप्पांचा हात थकला. घुमट गळ्यातनं काढून त्यांनी मेलरॉयच्या गळ्यात घातलं.

"जाताना तू," म्हणाले. "आनी घाई करू नको."

परत येताना ते माझ्या शेजारून चालले. डावा हात खिशात नव्हता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल लग्न. आज आम्ही सगळेच साडेअकरापर्यंत झोपलो.

दुपारी मेल आला, फिनलंडहून. जवळजवळ महिन्यानं. बाई लिहितात, उशिराबद्दल माफ करा, नोंदफाइल उलगडायला वेळ लागला. घड्याळ चुकत नाहीये. खेळ दिवसातून दोनदा चालू होतो. सकाळी दहाला एक तास, आणि दुपारी दोन ते साडेतीन. दुपारी जो खेळतो तो पायऱ्या चढतच नाही, फक्त सरावाच्या अंगणात जातो, जिथे गवताचा पुतळा हळूहळू वार करतो. तिथे गेल्याची नोंद पडद्यावर दिसत नाही. त्या फाइलपुरतंच त्यानं नऊ हजार वेळा ढाल उघडली-मिटली आहे. आमच्या सरावाच्या अंगणात इतका वेळ कोणी थांबलेलं नाही, तो कोण आहे ते कळलं तर आनंद होईल.

शेवटी लिहिलंय: लॅपटॉप सुरू झाल्याची वेळही फाइलमध्ये असते; तिथपासून अंगणात पोचेपर्यंत त्याला एक मिनिटही लागत नाही. सराईत दिसतो.

मी मेल तीन वेळा वाचला. मग ही डायरी पहिल्या पानापासून वाचली. संपलेली बॅटरी. गरम लॅपटॉप. बटण लक्षात राहत नाही. चेतनाचं हसणं. मम्माचं सुरमईकडे बघितल्यासारखं बघणं. आठ वर्षं चुका शोधायचा पगार घेतला मी.

सराव त्यांनी माझ्यापासून का लपवला ते समजतं. मडकं फुटकं वाजत असताना कुणी ऐकू नये असं वाटतं माणसाला. पण बटण? दुपारी एका मिनिटात चालू होतं, तर सकाळी दहाला रोज मला का उठवायचं?

हे वाक्य लिहिलं आणि मला कळलं. 'उठवायचं'खाली रेघ ओढली.

बाहेर पप्पा मम्माला सांगत होते की हलव्याच्या कालवणाला मीठ कमी पडलंय. मी गेले नाही बाहेर. डोळे लाल होते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज साडेअकराला चेतनाच्या दवाखान्यात माझा पहिला दिवस, त्यामुळे साडेआठलाच उठले. आंघोळ केली, शर्टाला इस्त्री केली, चार पेशंटची पानं पिशवीत भरली. फिनलंडला उत्तर पाठवलं: घड्याळ बरोबर आहे, चूक माझी, तो माझा बाप आहे.

मग खोलीचं दार लोटून पलंगावर बसून राहिले, तयार होऊन, चपला घालून. लग्न झालं, घुमट वाजलं. आता त्यांना सकाळचा खेळ हवाय कशाला, असं मनात येत होतं. दहा वाजले. दहा वाजून एक मिनिट झालं.

"फ्रेडा, ह्याचं बटन कुठं गो?"

"आले, पप्पा," म्हटलं, आणि जाऊन दाखवलं.